स्टोव्हचा वास

"वाती बदल म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" श्यामसुंदर ताटावरून म्हणाला. "जेवणाला रॉकेल मारतंय नुसतं."

"वाती संक्रांतीला बदलल्या," वैजयंती म्हणाली. "आणि जेवणाला नाही, कालवणाला मारतंय. भाताला येत नाही. आमटीला येत नाही."

"काल आमटीलाही येत होता."

"काल आमटी नव्हतीच."

"तेच ते गं. स्टोव्हच सडलाय. फेकून दे म्हटलं तर ऐकायचं नाही. कुठली वस्तू म्हणून टाकशील तर शपथ."

त्यांची लेक जाई मोरीतून तोंड पुसत बाहेर आली. सातवा महिना लागला होता. उकिडवं बसणं जमत नव्हतं म्हणून ती भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर बसली आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

"भांडू नका. मी नाक दाबून खाते," ती म्हणाली. "बाळाला वाटेल, आजी पेट्रोल पंपावर कामाला आहे."

एरवी या बोलण्यावर कुणीतरी हसलं असतं. श्यामसुंदरनं ताकभात कालवला. बोयीचा तुकडा त्याच्या ताटात नव्हताच. दिवाळीपासून त्याला पित्ताचा त्रास होता आणि मासे त्यानं सोडले होते. त्याच्या वाटचा तुकडा आधी भांड्यात उरायचा. लेक बाळंतपणाला आल्यापासून तो तिच्या ताटात जायचा. वैजयंतीला त्याचं बरंच वाटलं होतं. बापाच्या तोंडचा घास म्हणतात तो हाच.

वैजयंतीचं माहेर राजापूरकडच्या एका खाडीकाठच्या गावातलं. वडील शाळामास्तर, पोरं सहा, तेव्हा काही टाकायचं नाही हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, माठाच्या देठांची भाजी, मासळीच्या डोक्याचं सार, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. "वैजयंतीकडच्या कचऱ्याच्या डब्याला रोजचा उपास," असं इमारतीतल्या बायका म्हणत. ती ऐकून घेई. यातलं तत्त्व कुठलं आणि काटकसर कुठली, हे तिनं कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. श्यामसुंदर रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. ओव्हरटाइम बंद झालेला, फ्लॅटचा हप्ता चालू, धाकटा आशुतोष कऱ्हाडला डिप्लोमाला. वेगळं करून पाहायला सवड होती कुणाला?

एक गोष्ट मात्र ती हट्टानं पाळी. आषाढ लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत घरात ओली मासळी नाही. याच दिवसांत गाभोळीनं भरलेली मासळी स्वस्त मिळे आणि शेजारणी पिशव्या भरभरून आणत. देवाधर्माचं तिला काही नव्हतं. तिची आई म्हणायची, बाई अडलेली असताना तिच्या दारात जाऊन भांडी मागू नयेत, मासळीचंही तसंच. वैजयंतीला ते पटलं होतं. बोटभर पिल्लंही ती घेत नसे. "ही परत सोडायची होतीत," असं ती मासेवाल्या कमळीला म्हणे, आणि कमळी म्हणे, "सोडली तं दुसरा कोन धरनार नाय का, वैनी?" पण पुढच्या खेपेला वैजयंतीसमोर ती पिल्लं पाटीच्या तळाशी ढकललेली असत.

कमळी जवळच्याच दिवा गावातल्या कोळीवाड्यातली. ऐरोलीला ही इमारत नुकती उभी राहिली होती, अर्धे फ्लॅट रिकामे होते, बाजार म्हणून काही नव्हता आणि नळाला पाणी येईलच असं नव्हतं, तेव्हापासून ती गेटपाशी पाटी घेऊन बसत होती. गावातली विहीर वैजयंतीला तिनंच दाखवली. तिचा नवरा दादू छोट्या होडीतून खाडीत जाई आणि जे मिळेल ते कमळी पाटीत घालून आणी. बोयी, कोळंबी, चिंबोऱ्या, कधी निवट्या. बाकीच्या बायका रविवारी ठाण्याहून बर्फातली पापलेटं आणत. वैजयंतीला ती परवडत नसत हे खरं, आणि परवडली असती तरी तिनं घेतली नसती हेही खरं. ज्यानं धरलं त्याच्याच हातून घ्यावं, म्हणजे खाताना माहीत असतं, कुणाच्या श्रमाचं खातोय. हे ती एकदा श्यामसुंदरला म्हणाली होती. "हं," असं म्हणून त्यानं पेपर उलटला होता.

जाई आली ती रक्त कमी घेऊन. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, मासे घाला, अंडी घाला, पालेभाज्या घाला. पालेभाजी वैजयंती आणतच होती. अंडी आणि मासे दोन्ही रोज जमणार नव्हते. खाडीची मासळी अंड्यांपेक्षा स्वस्त पडे, शिवाय ताजी. म्हणून मासे.

आणि मग हा वास. रोज येत नसे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, कालवण उकळायला लागलं की रॉकेलचा भपकारा. घरात गॅस होता, पण सिलिंडर एकच. नंबर लावला की येईपर्यंत जीव जाई, म्हणून दूध-चहा गॅसवर आणि बाकी सगळं वातीच्या स्टोव्हवर. स्टोव्ह जुना होता, गळका होता. दोष द्यायला याहून सोयीची वस्तू घरात नव्हती. वैजयंतीनं टाकी राखेनं घासली. वाती कापल्या, मग बदलल्या. स्टोव्ह गॅलरीत नेला. भांड्यांवर झाकणं ठेवली, कालवणात जास्त कोकम घातलं, हात साबणानं दोनदोनदा धुतले. वास कधी जाई, कधी पुन्हा येई. शेवटी तिच्या स्वतःच्या नाकात, केसांत, पदरात रॉकेल बसलं, आणि कशाला येतोय नि कशाला नाही ते तिला कळेनासं झालं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर कामावरून येताना नवा स्टोव्ह घेऊन आला. पितळी टाकीचा, दहा वातींचा. बसचं तिकीट वाचावं म्हणून चालत येणारा माणूस, चपलेला तिसऱ्यांदा टाके घालून घेणारा. त्यानं कुणाला न विचारता स्टोव्ह आणला.

"आता तरी बोलू नका म्हणजे झालं," तो म्हणाला.

"मी कुठं बोलत होते?" वैजयंती म्हणाली. "तुम्हीच बोलत होतात."

जाईनं स्टोव्हला हळदीकुंकू लावलं. "बाबा, तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा एवढा खर्च हसतहसत केला नव्हतात," ती म्हणाली.

पण तो हसत नव्हता.

शुक्रवारी त्याची सुट्टी. सकाळी दारात सिलिंडर आला. तो लावून होतोय तोवर खालून कमळीची हाक आली. वैजयंती पिशवी घेऊन खाली गेली, तर कमळीनं पाटीतलं काही दाखवलं नाही. बाजूला झाकून ठेवलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं पुढे केलं. आत निवट्या वळवळत होत्या, काळपट, बुळबुळीत, चिखलातल्या डोळेफुग्या.

"तुजे पोरीला हाय. पोटुशीनं खाव्या. आंगान रगत भरतं."

"किती झाले?"

"पैशं नको. पोटुशीच्या घासाचं पैशं घेतलं तं दादूच्या जाल्याला भोक परंल." तिनं कागदाची एक पुडी काढली. "राख बी आनलीय. तुमचे घरान चूल नाय, राख कुठशी आननार? राखेबिगर हातान रवाची नाय ती."

वैजयंती पातेलं घेऊन वर आली. राखेत चोळून तिनं निवट्या साफ केल्या. अर्ध्या एका वाटीत झाकून ठेवल्या, अर्ध्यांना मीठ-हळद लावली. नवा स्टोव्ह गॅलरीत कोरडा होता. त्यात अजून तिनं रॉकेल ओतलंच नव्हतं. जुना भंगारवाल्याला गेला होता. आज गॅस आहे तर गॅसवरच करू, असं म्हणून तिनं टोप चढवला. तेलात लसूण टाकला, लाल झाला, निवट्या टाकल्या, चिंचेचा कोळ टाकला.

कालवणाला पहिली उकळी आली आणि वास आला.

तिनं गॅस बंद केला. गॅलरीत गेली, स्टोव्हवर वाकली. पितळेचा वास होता, नव्या रंगाचा होता. परत आली, वाटीवरचं झाकण काढलं आणि कच्च्या निवट्यांना नाक लावलं. इतके दिवस स्वयंपाकघरात रॉकेल पेटलेलं असायचं, तेव्हा नाकाला वेगळं काही कळायचंच नाही. आज कळलं. रॉकेलसारखं, पण पुरतं रॉकेल नाही. मागे काहीतरी कडू होतं, जिभेच्या मुळाशी बसणारं. हा वास तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी श्यामसुंदरचे कारखान्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवी, त्या बादलीला हाच वास यायचा.

ती उभी राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. तिनं हात धुतले आणि पुन्हा खाली गेली.

कमळी पाटी आवरत होती.

"कमळे, तुमच्याकडे मावऱ्याला वास येतो?"

कमळीचा हात थांबला. "तुलाबी येतं काय?" तिनं इकडेतिकडे पाहिलं, गिऱ्हाईक ऐकेल म्हणून. "वैनी, कोनाला बोलू नको हां. पाटी बदलली, टोपल्या बदलल्या. येतं ते येतंच. दादू बोल्ला, होरीचं मशीन गलतंय, त्याचं तेल लागतं मावऱ्याला. तं दिवालीपून मशीन काहारून ठेवलंय. हातान वल्हवतं. खांदं पार गेलं त्याचं. रातच्याला मी तेल चोलतंय."

"आणि तरी येतो?"

"तरी येतं. आता बोलतं, होरीच्या लाकरान भिनलंय. होरी घासाला काहारतंय तो." ती कसनुसं हसली. "आमचेच हातशी काय तरी चुकतंय बघ."

वैजयंतीनं मान हलवली. सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं, तसंच राहिलं. ती जिना चढायला लागली. चढताना तिच्या मनात एवढंच येत होतं की दादूनं मशीन दिवाळीपासून काढलंय, आणि पित्तही दिवाळीपासून आहे. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी, जिन्यात ठेवलेल्या चपलांसारख्या. तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्रानं दारातून विचारलं, "काकू, सिलिंडर आला वाटतं? आता मज्जा आहे तुमची!" "हो, आला," वैजयंती म्हणाली.

श्यामसुंदर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. जाई आत पडली होती.

"तुम्हाला पित्त कधीपासून आहे हो?"

"मध्येच काय पित्त? असेल दिवाळीपासून."

"मासे खाल्ले की होतं?"

"आंबट खाल्लं की होतं. तुला माहीत आहे."

"ताक आंबट असतं. ते रोज खाता."

त्यानं पेपर खाली घेतला. तिच्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वास तिथवर आला होता.

"स्टोव्ह पेटवलास का परत?"

"गॅसवर केलंय. स्टोव्हमध्ये रॉकेलच घातलेलं नाही."

त्यानं पेपरची घडी घातली. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. वैजयंती त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. दिवसा या खुर्चीवर ती कधी बसत नसे.

"कारखान्यातला सांडपाणी साफ करायचा प्लांट दिवाळीत बिघडला," शेवटी तो म्हणाला. "दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणतात. टाकी भरली की व्हॉल्व्ह सोडायचा, अशी तोंडी ऑर्डर आहे. कागदावर काही नाही."

"कोण सोडतं?"

"ज्याची पाळी असेल तो."

"तुमची असली की?"

"मग मी."

"आणि ते जातं कुठं?"

"नाल्यात. नाला कुठं जाणार? खाडीला." मग तो भराभर बोलायला लागला, बरेच दिवस पाठ केल्यासारखा. "मी एकटा आहे का? नाल्यावर किती कंपन्या आहेत. भरतीला सगळं धुऊन जातं म्हणतात. आणि घरात सांगितलं असतं तर तू कमळीला सांगितलं असतंस. तुझ्या पोटात राहिलं असतं का? कमळीनं गावाला सांगितलं असतं, गावानं गेटवर मोर्चा आणला असता. मालकाला निमित्तच हवंय. टाळं लावून मोकळा होईल. हप्ता कोण भरणार? आशुची फी?"

"खरं आहे," वैजयंती म्हणाली. ते खरंच होतं.

"बाबा." जाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. "तुमचा तुकडा मला देत होतात."

श्यामसुंदरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी कुठं देत होतो? मी नुसता सोडला. वाढत होती तुझी आई." मग त्यालाच ते ऐकू आलं असावं. तो खाली बघून म्हणाला, "डॉक्टरांनी मासे सांगितले होते गं. दुसरं काय आणलं असतं मी? म्हटलं, थोड्यानं काय होतंय. गाव खातंच आहे की."

जाई आत जाऊन पडली. वैजयंती वाट पाहत होती. आता राग येईल, मग रडू येईल, मग त्याला काहीतरी बोलता येईल, असं तिला वाटत होतं. मोरीत बादलीत त्याचे कपडे भिजत घातलेले तिला दिसत होते. काल त्यात तिनं जास्तीचा सोडा टाकला होता, त्याचा फेस कडेला सुकला होता. राग आला नाही. वेळ मात्र झाली होती, आणि पोरगी सकाळपासून उपाशी होती.

ती उठली. कालवणाचा टोप मोरीपाशी नेला, मग थबकली. मोरीचं पाणीही शेवटी खाडीलाच जात होतं. मांजराला घालायची सोय नव्हती. तिनं कालवण, कच्च्या निवट्या आणि उरलेली राख सगळं जुन्या पेपरांत गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात ठेवलं. डबा रिकामाच होता. पुडकं तळाशी जाऊन धप्पकन वाजलं. कमळीचं पातेलं तिनं तीनदा घासून पालथं घातलं. रिकामं पातेलं परत देऊ नये म्हणतात. साखर घालावी की काय घालावं, असा विचार करत ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिनं कुळथाचं पीठ काढलं. लसणीची फोडणी, चार कोकमं, पीठ पाण्यात कालवून वर ओतलं आणि ढवळत राहिली. पिठी गॅसवर पटकन झाली. वास लसणीचा आला, दुसरा कुठला आला नाही. तीन ताटं घेतली.

तिघं जेवायला बसली. श्यामसुंदरनं पहिला घास घेतला आणि काही लागतंय का हे बघावं तसा तो हळूहळू चावला. जाई भातात बोट फिरवत होती.

"जेव," वैजयंती म्हणाली. "उद्या दवाखान्यात जाऊ. काय खाल्लंस ते डॉक्टरीणबाईंना सांगू आणि तपासून घेऊ."

"काय सांगणार त्यांना?" श्यामसुंदरनं विचारलं.

"मासे खाल्ले म्हणून. कुठले ते पण."

त्यानं घास खाली ठेवला. "आणि कमळीला?"

वैजयंतीनं त्याच्या भातावर पिठीची आणखी एक पळी घातली. जाईच्या ताटात घातली. उरलेली स्वतःला घेतली.

"आजपासून खाडीचं काही घरात येणार नाही," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, उद्या दूधवाल्याला जास्त सांगायचंय असं सांगताना लागतो तसा. "जाईला अंडं, रोज एक. त्यासाठी तो स्टोव्ह परत करा, पावती ठेवलीय मी. गॅस पुरवून वापरेन. आपल्या दोघांना कुळीथ, मूग, शेवग्याचा पाला. शेवगा कमळीच्या दारात आहे, पाला तिच्याकडून विकत घेईन. फुकट घेणार नाही."

"मी काय विचारलं?"

"सकाळी पातेलं द्यायला मीच गावात जाणार आहे. तुमच्या प्लांटचं सगळं सांगणार आहे. आणि दादूला सांगणार आहे, मशीन लाव म्हणून."